पहिला डीएसएलआर घेतला, आता सोबत काय घेऊ? बजेट ८,००० रुपये

पाळीवरची

नमस्कार मंडळी. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. नुकताच कॅनन १५००डी घेतला, १८-५५ एमएम (जवळचं टिपणारी) आणि ५५-२५० एमएम (लांबचं जवळ आणणारी) अशा दोन लेन्ससकट. वापरलेला आहे, पण पक्कं बिल, चार्जर, झाकणं सगळं जागेवर आहे. आता हाती ८,००० रुपये उरलेत आणि ते विचार करून खर्च करायचे आहेत, कारण लगेच दुसरे येणार नाहीत.

मला काय काढायचंय ते आधी सांगते. भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, सुरू होतात आणि झाडीपट्टीची (आमच्या पूर्व विदर्भातली) नाटकं लागतात, ती होळीपर्यंत. ती मला मनापासून टिपायची आहेत. दुसरं म्हणजे गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव, हिवाळ्यात तिथे बदकं उतरतात. तिसरं, धानाची कापणी, बांधणी आणि घरची माणसं. लग्नाच्या ऑर्डरी करायच्या नाहीत.

दुकानात मला एक कॉम्बो किट दाखवलं. ट्रायपॉड, तीन फिल्टर, लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायचे वाइड आणि टेली कन्व्हर्टर, छोटा फ्लॅश, बॅग, कार्ड, ब्रश, सगळं एकाच डब्यात. किंमत माझ्या बजेटात बसते. घेऊ का?

बर्डीकर

ताई, कॅमेऱ्याबद्दल अभिनंदन. कॉम्बो घेऊ नका. त्यातले कन्व्हर्टर म्हणजे चांगल्या लेन्ससमोर साधी काच धरणं. मध्यभागी बरं दिसतं, पण कडेला सगळं फिसकटतं आणि रंगांच्या किनारी येतात. त्या किटातला ट्रायपॉड ५५-२५० लावल्यावर मान टाकतो. म्हणजे ज्या वस्तूंसाठी तुम्ही पैसे द्याल, त्यातल्या अर्ध्या कपाटातच राहतील.

सुरुवात कार्ड आणि बॅटरीपासून करा. या दोन वस्तू नसतील तर बाकी काहीही असून उपयोग नाही.

कार्ड: ३२ जीबीची दोन घ्या, १२८ चं एक नको. एक बिघडलं तर अख्खं नाटक जात नाही. १५००डीची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने न दाबलेला मूळ फोटो) साधारण २५ ते ३० एमबीची, म्हणजे ३२ जीबीत हजारभर बसतात. कार्डावर यू३ किंवा व्ही३० लिहिलेलं पाहा. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. हा कॅमेरा सेकंदाला ३ फोटो काढतो, त्याला महागडं यूएचएस-२ कार्ड नको. नकली कार्डं मात्र फार आहेत. हातात आलं की लॅपटॉपला लावून एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. नकली कार्ड ३२ म्हणून सांगतं आणि ८ नंतर लिहिलेलं गिळून टाकतं. फोटो गेल्यावर ते कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. तपासून झालं की कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको.

बॅटरी: तुमच्या कॅमेऱ्याला एलपी-ई१० लागते. व्ह्यूफाइंडरमधून पाहून काढले तर एका चार्जमध्ये साधारण ५०० फोटो. मागच्या पडद्यावर पाहून काढले तर निम्म्याहून कमी. नाटक रात्री दहाला उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं, तिथे एक बॅटरी पुरायची नाही. त्यात खेड्यातली लाइन कधी जाईल त्याचा भरवसा नाही. एक जादा बॅटरी घ्याच, जमलं तर कॅननचीच. दुसऱ्या कंपनीची घेतली तर महिन्यातून एकदा सपाट फरशीवर ठेवून पाहा. डुलायला लागली म्हणजे फुगली, ती लगेच बाजूला काढा. पॉवर बँकेवर चालणारा या बॅटरीचा यूएसबी चार्जरही मिळतो, तो तुमच्याकडे फार कामाचा आहे.

वऱ्हाडीगडी

ताई, मी अकोटचा. मले तर वाटते का दोन्ही लेन्सले यूव्ही फिल्टर पायजेच. आमच्याकडं सोयाबीनचं थ्रेशर चालू झालं का अशी धूळ उडते का माणसाचं तोंड ओळखू येत नाही. तुमच्याकडं धानाचं तसंच. फिल्टरवर धूळ बसली तर फिल्टर जाईन, लेन्स नाही जायची. दोन्ही लेन्सचा घेर ५८ एमएमचाच आहे, एकच माप पाहा. आन् ब्लोअर घ्या, धूळ फुंकायचा रबरी फुगा, मोठा. बारका घेऊ नका, त्याच्यात हवाच नसते.

मंडपवाला

ब्लोअरचं अगदी खरं. पण यूव्हीबद्दल माझं मत वेगळं आहे, दादा. फिल्म असताना यूव्हीचा परिणाम दिसायचा, डिजिटल सेन्सरपुढे ती गरज राहिली नाही. आता तो फक्त आडोसा म्हणून लावतात. मळणीच्या जागी लावा, माझं काहीच म्हणणं नाही. नाटकाला मात्र काढून ठेवा. रंगमंचावरचे दिवे थेट लेन्सवर येतात. स्वस्तातल्या फिल्टरच्या काचेवर ते आपटून फोटोत हिरवट ठिपके उमटतात, नटाच्या चेहऱ्यावरच बसतात आणि नंतर पुसता येत नाहीत.

आडोसाच हवा तर हूड घ्या, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी प्लास्टिकची कड. कॅनन या लेन्ससोबत हूड देत नाही. १८-५५ आयएस २ असेल तर ईडब्ल्यू-६०सी, ५५-२५० आयएस २ असेल तर ईटी-६०. दुसऱ्या कंपनीचे हूड शंभर-दोनशेत मिळतात आणि चालतात, कारण त्यात काच नाहीच. बाजूचा उजेड अडतो, गर्दीत कुणाचा कोपर लागला तर आधी हूडला लागतो, पावसाचे थेंबही थेट काचेवर येत नाहीत. इतक्या कमी पैशात इतकं काम करणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

सीपीएल, म्हणजे फिरवून कोन लावायचा पोलरायझर फिल्टर, कुणी सुचवला तर सध्या थांबा. पाण्यावरची चमक तो छान मारतो, पण तुमच्या या दोन्ही लेन्सचं तोंड फोकस करताना फिरतं. म्हणजे लावून ठेवलेला कोन दर वेळी बिघडतो.

पाळीवरची

फार मोलाचं सांगताय सगळे. कॉम्बो रद्द. नाटकासाठी फ्लॅश आणि ट्रायपॉड लागेल असं मी धरून चालले होते. आमच्या गावात शामियान्यात माणसं खाली सतरंजीवर बसतात, मी साधारण चौथ्या-पाचव्या रांगेत असेन.

मंडपवाला

फ्लॅश नकोच. तीन कारणं आहेत.

पहिलं, नटाला त्रास. रात्रभर उभं राहून काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत ऐन पल्लेदार वाक्याला झगझगीत उजेड मारायचा नाही. वडशाच्या नाटक कंपन्यांचे लोक फोटोला सहसा नाही म्हणत नाहीत, पण आधी मॅनेजरला आणि गावच्या मंडळाला विचारा आणि फ्लॅश मारणार नाही हे आपणहून सांगा. मग ते तुम्हाला पुढे बसायलाही जागा करून देतात.

दुसरं, फ्लॅश तिथवर पोचत नाही. तुमच्या कॅमेऱ्याच्या अंगच्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचं माप, ९.२ मीटर आहे. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ८०० आणि एफ/५.६ (लेन्स किती उघडी ते; आकडा लहान तेवढी जास्त उघडी) ठेवला तर तो साडेचार मीटरपर्यंत नीट उजेड देतो. त्यापुढे नट काळा आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांचं डोकं पांढरं. शिवाय रंगमंचावरचे लाल-निळे दिवे, ज्यांच्यामुळे तो प्रसंग उभा राहतो, ते सगळे धुऊन निघतात.

तिसरं पुढेमागे कामी येईल म्हणून सांगतो. १५००डीच्या वरच्या हॉट-शूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधली पिन नाही. ३०००डी आणि २००डी मार्क २ मध्येही नाही. त्यामुळे बाजारातले साधे मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर, जे त्या एका पिनेवर पेटतात, ते यावर पेटतच नाहीत. त्या कॉम्बोतला फ्लॅश बहुधा तसलाच असणार. कधी घ्यायची वेळ आली तर आपला कॅमेरा नेऊन, लावून, पेटवून पाहा आणि मगच पैसे द्या.

नाटकाला लागते ती ५० एमएम एफ/१.८ लेन्स. ही ॲक्सेसरी नाही असं कुणी म्हणेल, पण तुमच्या कामाला बाकी सगळ्या सामानाहून हीच जास्त उपयोगी. हिशोब करून पाहा. १८-५५ ला ५५ वर नेली की ती एफ/५.६ च्या वर उघडत नाही. एफ/१.८ ला त्याच्या जवळपास दहापट उजेड आत येतो. म्हणजे जिथे तुम्हाला १/३० सेकंदाचा शटर मिळत होता, तिथे त्याच आयएसओवर १/३०० च्या आसपास मिळतो. १/३० ला नटाने मान वळवली की चेहरा पुसला जातो. १/२०० ला कपाळावरचा घामही दिसतो. मी एफ/२.२, १/१६० ते १/२०० आणि आयएसओ १६०० ते ३२०० या पट्ट्यात ठेवतो. फोटोत आडवे काळे पट्टे यायला लागले तर ते एलईडी दिव्यांमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून शटर १/१०० वर आणा, बहुतेक वेळा पट्टे जातात. तुमच्या कॅमेऱ्यावर ५० एमएम ८० सारखी दिसते. चौथ्या रांगेतून दोन पात्रं कमरेपासून वर आरामात बसतात.

ट्रायपॉडचे तीन पाय सतरंजीवर पसरले की मागच्या चार माणसांचं नाटक गेलं आणि येता-जाता कुणाचा तरी पाय अडकणार. मोनोपॉड (एका पायाचा) घ्या, मांडी घालून बसल्यावर जमिनीला टेकवता येतो. तोही पुढच्या वर्षी. ५० एमएम हातात धरूनच चालते.

सारस_गोंदिया

मुली, तलावाचं मी सांगतो. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडेही मामा तलाव भरपूर, आणि धानाच्या बांध्यांतले सारस बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. तळ्यावर ट्रायपॉडपेक्षा बीन बॅग बरी. पक्ष्याला उभ्या माणसाची आणि चमकणाऱ्या नळ्यांची भीती वाटते. पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) उतारावर पालथं पडून, पिशवीवर लेन्स टेकवून, पाण्याच्या जवळजवळ पातळीवरून फोटो घेतला की बदक समोरासमोर येतं. उभ्याने काढलेल्या फोटोत नुसती पाठ आणि पाणी दिसतं.

ही पिशवी विकत घेऊ नकोस. जुन्या जीन्सची एक तंगडी घे, गुडघ्यापासून वरची. एक तोंड दुहेरी शिवून घे, दुसऱ्या तोंडाला चेन लाव. आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तांदूळ भर, पण पाऊण भागच. गच्च भरली तर लेन्स वर गडगडते. थोडी सैल असली की मधे दाबून खोबण करता येते आणि ५५-२५० तिच्यात बसते. पुढे कधी ताडोब्याला जिप्सीत गेलीस तर हीच पिशवी दांड्यावर टाकता येते, तिथे ट्रायपॉड उभा करायला जागाच नसते. मात्र ड्रायव्हरला गाडी पूर्ण बंद करायला सांग. इंजिन चालू असेल तर थरथर पिशवीतूनही वर येते.

पावसाळ्याआधी तांदूळ बदल, नाही तर सोंडे होतात.

वऱ्हाडीगडी

काका, तांदुळाऐवजी सरकी भरली तर? आमच्याकडं सरकी घरातच राहते.

सारस_गोंदिया

सरकी नको रे बाबा. तिला कापसाची लव चिकटलेली असते. दाबली की ती शिवणीतून बाहेर येते आणि लेन्स बदलताना नेमकी कॅमेऱ्यात शिरते. हरभरा किंवा मका चालेल, चाळून घेतलेला.

निळीशाई

मी वर्ध्याची, शाळेत विज्ञान शिकवते. सगळे धुळीबद्दल बोलताहेत, पण कॅमेरा कायमचा नासतो तो बुरशीने. धूळ फुंकून जाते, बुरशी काचेच्या थरात शिरते आणि साफ केली तरी डाग राहतो. आपल्याकडे उन्हाळा कोरडा असला तरी जुलै ते सप्टेंबर भिंतींना ओल येते. पाळीवरची ताईंकडे तर धानाच्या बांध्यांत चार महिने पाणी उभं असतं. दमटपणा ६० टक्क्यांच्या वर टिकला की बुरशीला वाव मिळतो.

इलाज स्वस्त आहे. झाकणाला रबरी कड असलेला, हवा न शिरणारा मोठा प्लास्टिकचा डबा. आत ओल शोषणारं सिलिका जेल आणि दमटपणा मोजणारा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे ठेवायचा. ३० च्या खालीही नेऊ नका, रबर आणि आतलं वंगण सुकतं. कॅमेरा बॅगेत ठेवून कपाटात बंद करायचा नाही. बॅगेचा स्पंज ओल धरतो आणि चामडी कव्हर तर बुरशीचं घरच.

सिलिका जेल घेताना नारिंगी रंगाचं मागा, ते ओल प्यायलं की हिरवं होतं. निळं असतं ते गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. निळंच मिळालं तर स्वयंपाकाच्या तव्यावर अजिबात तापवू नका, वेगळं भांडं ठेवा आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. ११०-१२० अंशांना तास-दोन तास तापवलं की ते पुन्हा मूळ रंगावर येतं. मंद आचेवर, हलवत राहायचं. गार झाल्यावरच डब्यात ठेवा, गरम ठेवलं तर डब्यातच वाफ धरते. डांबराच्या गोळ्या या डब्यात घालू नका, त्यांची वाफ काचेवर बसते.

पुसायची पद्धत: आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, अगदी शेवटी मायक्रोफायबर. ओढणी किंवा दुपट्टा नाही. कापडात अडकलेला वाळूचा एक कण लेन्सवर कायमची रेघ मारतो. आतल्या आरशाला आणि सेन्सरला बोट किंवा कापड लावायचं नाही. लेन्स बदलताना वाऱ्याकडे पाठ करायची आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली धरायचं.

पाळीवरची

निळीशाई ताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं. घरात फरसाणाचा मोठा डबा आहे, रबरी कडेचा, तो घासून वाळवून घेते. म्हणजे तो खर्च वाचला.

आता अडचण ५० एमएमची. नवीचा भाव पाहिला, सगळं बजेट तिच्यातच जातं.

बर्डीकर

मग जुनी घ्या. ५० एमएम एफ/१.८ एसटीएम वापरलेल्या बऱ्याच मिळतात, कारण लोक मिररलेस, म्हणजे आतला आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळलेत आणि डीएसएलआरचं सामान विकताहेत. तिच्या आधीची एफ/१.८ मार्क २ ही त्याहून स्वस्त पडते. तिचा माउंट (कॅमेऱ्याला बसायची कडी) प्लास्टिकचा, फोकस करताना घरघर आवाज येतो, अंधारात जरा चाचपडते. पण फोटो चांगला येतो. बजेट फारच ताणलं तर ती घ्यायला हरकत नाही. हूड, फिल्टर पाहताना लक्षात ठेवा, एसटीएमचा घेर ४९ एमएम आहे, तुमचं ५८ चं सामान तिला बसणार नाही.

नागपूरला सीताबर्डीला या, किंवा जिथून घ्याल तिथे मोबाइलचा टॉर्च सोबत ठेवा. मागून तिरपा टॉर्च मारून पुढून काचेत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी परत द्या. बारीक धुळीचे चार कण असतात, त्यांचं काही नाही. मग आपल्या कॅमेऱ्याला लावून एफ/१.८ वर जवळचं आणि लांबचं असे दोन्ही फोटो काढा. ऑटोफोकस जवळून लांब जाताना अडकतो का ते कान देऊन ऐका. फोटो दुकानातल्या उजेडात मोठे करून पाहा. या तपासणीला कुणी आढेवेढे घेतले तर तिथून निघा.

अजून कुणी हे वाचत असेल आणि निकॉन डी३५०० किंवा डी५६०० असेल, तर त्यांनी ५० एमएमची एएफ-एस (लेन्सच्या आतच मोटर असलेली) घ्यावी. जुन्या एएफ-डी लेन्स या कॅमेऱ्यांवर बसतात, पण ऑटोफोकस होत नाही, कारण बॉडीत मोटरच नाही.

मंडपवाला

बॅगेवर पैसे घालू नका असं मी म्हणेन. शाळेची जाड पाठपिशवी चालते, आत तळाला आणि बाजूंना जुन्या स्वेटरच्या घड्या. मोटरसायकलवर कॅमेरा पाठीवरच ठेवायचा, डिक्कीत किंवा टाकीवर नाही. आपल्या पांदण रस्त्यांवरची थरथर लेन्सचे स्क्रू सैल करते. पावसासाठी जाड पॉलिथिनची पिशवी, लेन्सपुरतं भोक पाडून हूडभोवती रबर बँड.

आणि उन्हाळ्याचं बोललंच पाहिजे. कॅननच्या पुस्तिकेत हा कॅमेरा ० ते ४० अंशांत वापरायला सांगितला आहे. चंद्रपूरचा मे महिना त्याच्या किती वर जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. काळी बॉडी उन्हात धरली की दहा मिनिटांत हाताला चटका देते. पांढरा दुपट्टा ओला न करता वरून टाकायचा, सावलीत बसायचं, आणि उभ्या गाडीत कॅमेरा किंवा बॅटरी कधीच सोडायची नाही.

पाळीवरची

कार्डं मागवली, हूड दोन्ही मागवले, बॅटरी तालुक्याला मिळतेय. लेन्ससाठी पुढच्या रविवारी भावाला घेऊन नागपूरला जाणार, टॉर्चसकट. सारस काका, आमच्या गावचे शिंपीकाका विचारताहेत की पिशवीची लांबी किती ठेवू?

सारस_गोंदिया

भरल्यावर हातभर लांब असू दे, म्हणजे जिप्सीच्या दांड्यावर दोन्हीकडे लोंबेल आणि घसरणार नाही. वजन ३ किलोच्या आसपास राहील एवढाच तांदूळ भर, पाळीपर्यंत पायी न्यायची आहे. चेनेच्या बाजूला एक पट्टा शिवून घे, खांद्याला अडकवता येतो. आणि चेन लेन्सच्या बाजूला येऊ देऊ नकोस, ओरखडा पडतो. तोंड पूर्वेकडे असलेल्या पाळीवर सकाळी जाऊ नकोस, ऊन समोरून येतं आणि बदकं काळी दिसतात. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू आजच, कॅमेरा न नेता, बघून ठेव.